संरक्षण खर्चावर प्रश्न विचारणारा खासदार शत्रूला मदत करतो, हे कुणी ठरवलं?

माझगावकर:
काल रणधीर_भांडुप यांची पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यात तीच घोळत राहिली म्हणून इथे सविस्तर लिहितोय. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं की संरक्षणाचं बजेट संसदेत चर्चेला येऊच नये, सैन्याला कोरा चेक द्यावा, आणि दारूगोळा किती आहे, विमानं किती उरलीत असले प्रश्न विचारणारे खासदार शत्रूचं काम सोपं करतात. खाली "बरोबर बोललात", "सलाम" वगैरे.

रणधीरजी, पहिली गोष्ट म्हणजे चर्चा होतेच कुठे? मार्च २०१८ मध्ये लोकसभेत गिलोटिन लावलं, म्हणजे चर्चा गुंडाळून थेट मतदान, आणि सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या बिनचर्चेच्या मंजूर झाल्या, संरक्षणही त्यातच. २०२३ ला पुन्हा तेच, सभागृहात गोंधळ आणि त्यातच मंजुरी. २०२५-२६ चा संरक्षणाचा आकडा ६ लाख ८१ हजार कोटी आहे. आमच्या बिल्डिंगच्या टाकीच्या वॉटरप्रूफिंगला दोन लाख लागणार होते तर जनरल बॉडीत अडीच तास भांडण झालं, तीन कोटेशनं मागवली, जुन्या कंत्राटदाराने गेल्या वेळी काय केलं ते निघालं. दोन लाखाला अडीच तास आणि जवानाच्या हातातल्या बंदुकीला पाच मिनिटंही नाहीत, हे मला सहन होत नाही.

दुसरी गोष्ट. त्याच मार्च २०१८ मध्ये संरक्षणाच्या स्थायी समितीचा, म्हणजे खासदारांच्या समितीचा, अहवाल आला. समितीपुढे लष्कराच्या उपप्रमुखांनी स्वतः सांगितलं की आपली ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के सध्याच्या पिढीची आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी आणि आधीच सही झालेल्या १२५ योजनांचे हप्तेच होते २९,०३३ कोटींचे. म्हणजे जुने हप्ते फेडायलाच पैसे कमी, नवीन घेणार कशातून? हे सांगणारा अधिकारी शत्रूचं काम करत होता का? समितीचे अध्यक्ष खंडुरी स्वतः निवृत्त मेजर जनरल आणि सत्ताधारी पक्षाचेच खासदार. सप्टेंबरमध्ये अध्यक्षपद त्यांच्याकडे राहिलं नाही. ज्या जागी बसून हे बोलता येतं ती एकच जागा उरलीय आणि तीही तुम्हाला बंद करायचीय.

रणधीर_भांडुप:
माझं नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देतो. खंडुरींचं म्हणाल तर स्थायी समिती दरवर्षी नव्याने बनते, त्यातून कट शोधू नका.

आता मुद्द्यावर. तुम्हाला छाननीचं फार कौतुक आहे ना, मग बोफोर्स घ्या. १९८६ चा करार, ४१० तोफा. पुढच्या वर्षी दलालीचे आरोप झाले, संयुक्त संसदीय समिती बसली, वर्षानुवर्षं संसद बंद पडली, निवडणूक त्यावर झाली. तोफ वाईट होती का? कारगिलला त्याच तोफांनी वाचवलं आपल्याला. पण त्या प्रकरणानंतर तीस वर्षं एकाही अधिकाऱ्याची नव्या हॉवित्झर तोफांच्या फाइलवर सही करायची छाती झाली नाही. २०१६ ला अमेरिकेशी १४५ तोफांचा करार झाला तेव्हा कुठे कोंडी फुटली.

आणि तुम्ही माझगावकर ना, मग एचडीडब्ल्यू विसरलात? त्या जर्मन कंपनीशी पाणबुड्यांचा १९८१ चा करार, दोन तुमच्या माझगाव डॉकमध्ये बनल्या, शाल्की आणि शंकुल. पुढच्या दलालीच्या आरोपात गेल्या. पाणबुडी बांधायला शिकलेली माणसं पांगली, आणि मग २००५ ला स्कॉर्पीन या फ्रेंच पाणबुड्यांचा करार करून पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात. नंतर त्या स्कॉर्पीनसाठी निवडलेला टॉर्पेडोही हेलिकॉप्टर घोटाळ्यात रद्द झाला कारण कंपनी त्याच ग्रुपची. पाणबुड्या नव्या, टॉर्पेडो जुने.

अजून एक. कॅगने, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेने, २०१५ आणि २०१७ ला दारूगोळ्याचा अहवाल दिला, २०१७ च्या अहवालात तर १५२ पैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणार नाही असं छापलं. हे आख्ख्या जगाने वाचलं. सीमेपलीकडे पेढे वाटले असतील. तुम्ही याला लोकशाही म्हणता, मी याला घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवून वर पाटी लावणं म्हणतो.

माझगावकर:
एचडीडब्ल्यूचं मान्य. ते माझ्याही मनात सलतं, त्यावर वाद घालणार नाही.

पण तुम्ही लाचखोरीचं खापर छाननीवर फोडताय. बोफोर्समध्ये प्रश्न कधी विचारले गेले? पैसे गेल्यावर, स्वीडनच्या रेडिओने बातमी दिल्यावर. आधी कुणी विचारलं असतं की बाबा मधे दलाल आहे का, तर तोफाही आल्या असत्या आणि तीस वर्षंही गेली नसती. नंतरचा पोलिसी तपास आणि आधीची छाननी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका पोत्यात भरू नका.

कॅगचं म्हणाल तर तो दारूगोळा अहवालामुळे कमी झाला नव्हता, आधीच कमी होता. २०१६ ला उरी झालं आणि मग धावपळ करून आपत्कालीन खरेदीचे अधिकार द्यावे लागले. पहिला अहवाल २०१५ चा! तेव्हाच संसदेने कान धरला असता तर? आणि तुमची इच्छा पूर्ण झालीच, पुढे कॅगने संरक्षणाचे अहवाल वेबसाइटवर टाकणं बंद केलं.

राहिलं गुप्ततेचं. १९६२ ला युद्ध चालू असताना, चिनी सैन्य आत असताना, ८ नोव्हेंबरला संसद लवकर बोलावली. गुप्त बैठक घ्या अशी सूचना आली होती, नेहरूंनी नाकारली. दीडशेवर खासदार उघड बोलले, सरकारला फाडून खाल्लं. आपले यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून गेले ते त्याच महिन्यात. त्यांनी सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत उभं राहून कुठे चुकलं त्याचं निवेदन दिलं, प्रशिक्षण कमी पडलं, सामग्री कमी पडली हे सभागृहात सांगितलं. त्यानंतर पंचवार्षिक संरक्षण योजना आली, सव्वाआठ लाखांचं सैन्य ठरलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून छाती फुगवतो ना आपण, तर सह्याद्रीने संसदेला उत्तर दिलं होतं हेही लक्षात ठेवा.

सीए_ऋतुजा:
१९६२ च्या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्सचा मूळ अहवाल मात्र आजही अधिकृतपणे गुप्तच आहे, यशवंतरावांनी निष्कर्षांपुरतंच सांगितलं, तेवढं नोंदवते.

पण तुम्ही दोघंही मूळ दुखणं सोडून भांडताय. आकडे बघा. ६.८१ लाख कोटींतले १.६० लाख कोटी पेन्शन. नवीन शस्त्रं, जहाजं, विमानं, बांधकामं असा सगळा भांडवली खर्च मिळून १.८० लाख कोटी. म्हणजे पेन्शन जवळपास भांडवली खर्चाच्या बरोबरीला आलीय. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, मंजूर आहेत, सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ गेल्यावर राहिल्या २९. हे खासदारांनी प्रश्न विचारून सुटणार नाही, पेन्शनला कुठेतरी हात घालावाच लागेल. कुणाला आवडो न आवडो.

आबा_डोंबिवली:
बाई, तुम्ही हात घाला पेन्शनला आणि मग आम्ही काय खायचं ते पण सांगा. मी ३१ वर्षं जहाज दुरुस्तीच्या एका सरकारी वर्कशॉपात फिटर होतो, सिव्हिलियन. ५.१२ ची लोकल पकडायचो. आमची पेन्शन पण त्याच १.६० लाख कोटीत येते, सगळ्यांना वाटतं ती फक्त फौजींची. उन्हाळ्यात इंजिन रूममध्ये पाय टाकला की बुटाचा तळवा मऊ व्हायचा. कान गेला एक. आता तुम्ही एसीत बसून सांगताय हात घालायला.

सीए_ऋतुजा:
आबा, तुमच्या कष्टांबद्दल मी एक शब्द बोलले नाही. गणित मांडलं. भावनेने विमान येत नाही.

साताऱ्याचा_चेंबूरमध्ये:
गणित मांडलंच होतं की सरकारने, १४ जून २०२२ ला अग्निपथ आणून. पेन्शन नाही, चार वर्षं, शंभरातले पंचवीस ठेवणार, बाकी घरी. एवढा मोठा बदल आधी संसदेत चर्चेला आला का? थेट पत्रकार परिषद. माझा भाचा गेलाय त्यात. आमच्याकडे पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पोरं पळतात, पूर्वी चाळीस असायची, आता दहा-बारा. बहिणीने त्याच्या भरतीच्या वर्षी गोठ्यातली एक म्हैस विकली, ॲकॅडमीची फी भरली. तो परत आला तर पंचविशीच्या आत रिकामा. स्थळं बघायला गेलं की मुलीकडचे आधी विचारतात, कायम आहे का चार वर्षांचा. ऋतुजाताई, हे कुठल्या कॉलममध्ये धरता तुम्ही?

सीए_ऋतुजा:
फौज ही रोजगार हमी योजना नाहीये. सरासरी वय कमी करायची गरज कारगिलपासून बोलली जातेय. प्रत्येक वेळी म्हैस आणि लग्न मधे आणलं तर कुठलीच सुधारणा होणार नाही.

साताऱ्याचा_चेंबूरमध्ये:
तोंड सांभाळून बोला. ज्यांच्या घरातलं कुणी गेलेलं नाही त्यांनी आम्हाला सुधारणा शिकवू नये.

सीए_ऋतुजा:
माझे आजोबा महार रेजिमेंटला होते, १९६५ ला होते. आजीला फॅमिली पेन्शन शेवटपर्यंत होती, त्यावर माझ्या आईचं शिक्षण झालं. घरातलं कुणी नाही असं परस्पर ठरवू नका. मला पेन्शनची किंमत माहितीये म्हणूनच सांगते, पैसे दोन्हीकडे पुरत नाहीत हे सरकार लपवतं आणि आपण आपसात भांडतो. अग्निपथवर आधी संसदेत चर्चा व्हायला हवी होती, हे मान्य. म्हैस म्हणाले ते चुकलं.

आबा_डोंबिवली:
हां, आता बोललात. पैसे पुरत नाहीत म्हणता ना, तर ऐका पैसे जातात कुठे. एका जहाजाच्या फायर पंपाचं सील गेलं होतं. मुठीत मावेल एवढी वस्तू. मागणी टाकली, फाइल फिरली, एकाने विचारलं मागच्या वेळी कितीला घेतलं, दुसऱ्याने टेंडर परत काढायला लावलं, स्वस्तातल्याने दिलं ते मापात बसेना. चौदा महिने. तोपर्यंत काय, शेजारी उभ्या जहाजाचं सील काढून याला लावलं, त्याची समुद्रात जायची पाळी आली तेव्हा तिसऱ्याचं काढून त्याला. कागदावर तिन्ही जहाजं तयार. आणि मार्च एण्डिंगला पैसे परत जातील म्हणून नको असलेल्या बोल्टच्या पेट्या यायच्या, स्टोअरमध्ये गंजून पडायच्या. कुणी खासदार येऊन त्या स्टोअरचं दार उघडायला सांगेल असं मला ३१ वर्षं वाटत होतं. आले नाहीत.

कुलाब्याची_गॅलरी:
आबांनी फायर पंप म्हटलं आणि अंगावर काटा आला. १४ ऑगस्ट २०१३, मध्यरात्र. आम्ही तेव्हा कुलाब्याला चाळीत होतो. दणका बसला, वाटलं पुन्हा अतिरेकी. गॅलरीत आलो तर गोदीच्या बाजूला आभाळ केशरी. शेजारची वहिनी लेकराला कडेवर घेऊन नुसती उभी, तिचे मिस्टर नेव्हीत, दुसऱ्या जहाजावर, पण ते कळायला पहाट झाली. सिंधुरक्षक पाणबुडीवर अठरा जण गेले. सहा महिन्यांनी सिंधुरत्न पाणबुडीवर मुंबईजवळच्या समुद्रात आग, दोन अधिकारी गेले आणि नौदलप्रमुख जोशींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. वर्दीतल्या माणसाने जबाबदारी घेतली. खुर्चीतल्या कुणी घेतली? पुढे २०२४ ला ब्रह्मपुत्र ही युद्धनौका याच गोदीत आग लागून कलंडली, आणखी एक खलाशी गेला. पेन्शनवर भांडून झालं असेल तर यावर बोला. या शहरात युद्धाशिवाय माणसं गेलीत, गोदीत उभ्या जहाजांवर.

रणधीर_भांडुप:
आबांचं आणि या ताईंचं वाचून तासभर काही लिहिलं नाही.

मी १७ वर्षं फौजेत काढली. युनिट सांगणार नाही, पोस्टही नाही. एका हिवाळ्यात उंचावर गेलो तेव्हा मला मिळालेले बूट माझ्या आधी दोघांनी वापरलेले होते. डाव्याच्या आत कुणाच्या तरी टाचेचा खड्डा पडलेला, माझी टाच त्यात बसायची नाही, मोजे दोन घालून भरायचो. तक्रार केली नाही, आपल्यात करत नाहीत. २०२० ला कॅगचा उंचावरच्या कपड्यांचा, बुटांचा अहवाल संसदेत आला तेव्हा टीव्हीवर बघून मला राग आला होता की हे जगाला का सांगतायत. आज आबांचं सील वाचताना तो खड्डा आठवला.

म्हणून एवढं मान्य करतो. पोस्टमधलं "शत्रूचं काम सोपं करतात" हे वाक्य काढतो. स्थायी समितीने बंद दाराआड काय वाटेल ते विचारावं, उपप्रमुखांना उलटं टांगून विचारावं. पण साठा किती दिवसांचा हा आकडा छापील अहवालात येऊ नये, यावरून मी हलणार नाही. आणि समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत हे तुम्हालाही माहितीये, मग त्या दाराआडच्या प्रश्नांना दात कुठून येणार ते तुम्ही सांगा.

माझगावकर:
दात उघड चर्चेतूनच येणार, म्हणून तर गिलोटिनवर एवढं लिहिलं. आकड्यांचं तुमचं अर्धं पटतं, साठ्याचे दिवस बंद दाराआड ठेवा. पण किती पैसे मागितले, किती मिळाले, किती मार्चला परत गेले, यात कसली गुप्तता? पंधराव्या वित्त आयोगाने न संपणारा आधुनिकीकरण निधी सुचवला होता, पाच वर्षांसाठी २ लाख ३८ हजार कोटींचा. म्हणजे आबांच्या बोल्टच्या पेट्यांवर अगदी बरोबर औषध. तो का उभा राहिला नाही हे सभागृहात विचारायला हवं.

मी आमच्या खासदारांच्या ऑफिसात शनिवारी जाणार आहे, लेखी प्रश्न घेऊन. निधीचा एक, अग्निपथच्या चार वर्षांनंतरच्या नोकऱ्यांचा एक, गोदीतल्या आगींनंतरच्या चौकशांवर काय कारवाई झाली त्याचा एक. रणधीरजी, भांडुपहून यायची तयारी असेल तर सांगा, माजी सैनिक बरोबर असला की आत बसवतात.

रणधीर_भांडुप:
येतो. आगीचा प्रश्न पहिला ठेवा. निधीचा मसुदा त्या सीए ताईंकडून तपासून घ्या, आकडा चुकला तर तिथेच हाकलतील.

सीए_ऋतुजा:
पाठवा, रात्री बघते. पेन्शनवरचं माझं मत तेच आहे.

आबा_डोंबिवली:
माझंही तेच आहे बाई. माझगावकर, सुट्या भागांना सरासरी किती महिने लागतात हा प्रश्न पण घाला. त्या सीलचा पार्ट नंबर मला अजून पाठ आहे.