बरगड्या मऊ शिजतात कशा? तुमचे अनुभव सांगा

वसईची लेक
काल जिन्यात कुणाच्या तरी घरातून व्हिनेगर-लसणाचा वास आला आणि मी भाजीची पिशवी धरून तिथेच उभी राहिले. नाताळच्या आदल्या दिवशी आमच्या घरी हाच वास. आई डुकराच्या बरगड्यांना मीठ, हळद, बाटली मसाला, व्हिनेगर चोळून रात्रभर ठेवायची. सकाळी मागच्या दारी चूल, त्यावर टोप, झाकणावर पाणी. आत पाणी अजिबात नाही, सुटलेल्या चरबीतच शिजायचं. बाबा सारखं झाकण उचलून बघायचे आणि ओरडा खायचे. आईला जाऊन वर्ष होईल. रविवारी पहिल्यांदा मी केलं, कुकरला पाच शिट्ट्या. हाड सुटलं, पण मांस दोऱ्यासारखं, कोरडं. कुठे चुकलं?

माडाखाली
पाच शिट्ट्या फार गं. बरगडीत हाडाला धरून चिवट भाग असतो, तो मंद आचेवर हळूहळू विरघळतो आणि रस्सा चिकट होतो. मोठ्या आचेवर मांस आवळतं, पाणी सोडून देतं. दोन शिट्ट्या, मग झाकण काढून अगदी बारीक गॅसवर पाऊण तास. आणि हाडाच्या बाजूची पातळ पांढरी पापुद्र्यासारखी कातडी काढलीस का? सुरीच्या टोकाने एक कोपरा उचकट, कोरड्या फडक्याने धरून ओढ, अख्खी निघते. सासूबाईंनी शिकवलं. आमच्याकडे गोव्यात माडाचं विनागर, बाटलीतल्या पांढऱ्याला ती चव नाही.

डबेवाली
जेवायच्या सुट्टीत वाचतेय, डब्यात दुधी 😭

निळी छत्री
आईबद्दल वाचून गलबललं ताई. पुन्हा करा, नक्की जमेल.

फौजी काका
दिमापूरला पोस्टिंग होतं तेव्हा शेजारच्या नागा कुटुंबाने जेवायला बोलावलं. चुलीवर टांगून धुरावलेलं डुकराचं मांस, त्यात आंबवलेल्या सोयाबीनची आखुनी. वास उग्र, पहिला घास घेताना डोळे मिटले होते. नंतर दोनदा मागून घेतलं. तेल जवळजवळ नाहीच. त्या घरातली आजी मला अजून आठवते, भाषा एक अक्षर कळायची नाही पण वाढायची थांबायची नाही.

फ्रांकफुर्टकर
ओव्हन असेल तर १४० अंश, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून अडीच तास. हाड बोटाने फिरवून बघायचं, सैल फिरलं की झालं. मग फॉइल उघडून २०० वर दहा मिनिटं, वरून रंग येतो. इथे खारवलेल्या बरगड्या आंबट कोबीबरोबर खातात, पण मला आपला मसालाच लागतो.

पपईवाला
कच्ची पपई लावली तर?

माडाखाली
अर्धा तास ठीक. रात्रभर ठेवलीत तर वरून पीठ होतं, आतून तसंच.

स्वयंपाकघरातून
@वसईची लेक, टोप ॲल्युमिनियमचा असेल तर व्हिनेगर घालून रात्रभर ठेवू नकोस हां. स्टील किंवा काच.

कल्याणची
बाटली मसाला म्हणजे बियरच्या बाटलीत भरतात तोच ना? आमच्या शेजारणी मे महिन्यात उन्हात मिरच्या वाळवायच्या, आख्खी चाळ शिंकायची. आता कुटायला कोण येतं?

वसईची लेक
हो तोच, तपकिरी बाटलीत, ऊन लागू नये म्हणून. आमच्याकडे कुटणाऱ्या मावशी आता येत नाहीत, गिरणीत देतो. आईच्या हातची अर्धी बाटली उरलीये, जपून वापरतेय.
आज पुन्हा केलं. कातडी काढली, दोन शिट्ट्या, पाऊण तास. मऊ झालं. बाबांनी तीन वेळा झाकण उचललं, मी काही बोलले नाही.

निळी छत्री
❤️

फौजी काका
शाब्बास बेटा. सोबत काय केलंस?

वसईची लेक
फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, करायचे होते काका, पण पीठ आंबवायला ताडी नाही मिळाली. यीस्टवर केले, जरा बसले.

कल्याणची
वसईला ताडी मिळते का अजून??

माडाखाली
पहाटे गेलात तर.