एवढ्याशा अस्तराला एवढी कामं?

स्लाइडवाली: हिस्टॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला धमनी बघितली. स्नायूंचा जाड थर लगेच ओळखला. पण आतली कड म्हणजे पेशींची एकच ओळ, त्यातही नुसती केंद्रकं दिसतात, धावदोरा घातल्यासारखी अधूनमधून. आणि पुस्तकात या एंडोथेलियमच्या, म्हणजे आतल्या अस्तराच्या, कामांची पानभर यादी! रक्त गळू न देणं एवढंच त्याचं काम ना? आकसणं-सैलावणं तर स्नायूच करतो.

जुना फार्माकॉलॉजीवाला: तुमचा प्रश्न वाचून माझी फजिती आठवली. शिकत असताना उंदराच्या महाधमनीच्या तीन-तीन मिलिमीटरच्या कड्या कापून 37 अंशांच्या क्रेब्स द्रावणात (क्षारांच्या पाण्यात) हुकला टांगायचो. फिनाइलेफ्रिन घातलं की कडी आकसते, आलेखाची रेघ वर जाते. मग अ‍ॅसिटिलकोलिन घातलं की सैलावते, रेघ खाली येते. माझी रेघ वर गेली ती गेलीच. औषध नवीन विरघळवलं, द्रावण बदललं, अख्खी दुपार गेली. शेवटी सरांनी एवढंच विचारलं, "साफ करताना चिमटा आत घातला होतास?"

घातला होता. आत रक्त साकळलं होतं, ते काढायला चांगला फिरवला होता.

सरांनी त्याच कडीवर सोडियम नायट्रोप्रुसाइडचे, म्हणजे अस्तराशिवाय थेट स्नायूला सैलावणाऱ्या औषधाचे, थेंब सोडले आणि रेघ धाडकन खाली. स्नायू ठणठणीत होता, त्याला 'सैल हो' म्हणणारं अस्तर मी पुसून टाकलं होतं.

फर्चगॉट आणि झवाड्झ्की यांनी 1980 मध्ये सशाच्या महाधमनीवर हेच दाखवलं. अस्तराचा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. 1998 चं नोबेल (फर्चगॉट, इग्नारो, मुराद) त्याचंच. अंजायनाला (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं तेव्हा) जिभेखाली ठेवतात ती नायट्रोग्लिसरिनची गोळी तोच वायू स्नायूला परस्पर पुरवते.

शरीरात हा निरोप निघतो तो बराचसा वाहत्या रक्ताच्या घासण्यातून. प्रवाह वाढला की पेशी ते ओळखतात, वायू सोडतात, नळी रुंदावते. सरळ धमनीत या पेशी प्रवाहाच्या दिशेनं लांबट झालेल्या असतात, आडव्या छेदात ते कळत नाही.

स्लाइडवाली: बापरे. मग रक्त साकळू न देणं हेही यांचंच काम?

जुना फार्माकॉलॉजीवाला: हो, आणि गंमत म्हणजे साकळायचं सामानही तिथंच. एरवी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन प्लेटलेट्सना चिकटू देत नाहीत. पण याच पेशींत वायबेल-पालाडे नावाच्या लांबुळक्या पिशव्या असतात, त्यांत वॉन विलेब्रँड फॅक्टर भरून ठेवलेला. इजा झाली की तो बाहेर, आणि प्लेटलेट्स धरल्या जातात. स्टेंट घातल्यावर प्लेटलेट्सविरोधी गोळ्या न चुकता घ्यायला सांगतात, कारण नव्या धातूवर अजून अस्तर चढलेलं नसतं.

पॅथॉलॉजी: 'गळू न देणं' यावर थोडं. मेंदूत या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या असतात. मूत्रपिंडाच्या ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुंत्यात, त्यांना मुद्दाम छिद्रं असतात. यकृतात तर छिद्रंही आणि खाली सलग आधारपटलही नाही. कुठं किती गळू द्यायचं ते अवयवागणिक ठरलेलं. पुढच्या प्रॅक्टिकलला यकृताची स्लाइड मागून घ्या, पण छिद्रं शोधत बसू नका. ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपलाच दिसतात.