स्तन-पुनर्रचनेनंतरचा सतरावा दिवस: पाठ सरळ कधी होते, आणि हे बोलायचे कोणाशी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी ४७ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका शाळेत शिकवते. अडीच वर्षांपूर्वी कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढावा लागला, त्यानंतर केमो आणि रेडिएशन झाले, आणि सतरा दिवसांपूर्वी पुण्यात माझी पुनर्रचनेची शस्त्रक्रिया झाली. ओटीपोटावरची त्वचा आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसह काढून छातीवर बसवतात, तो डीप फ्लॅपचा प्रकार माझ्यासाठी निवडला गेला, कारण रेडिएशन झालेल्या त्वचेखाली इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम स्तनाची पिशवी, बसवल्यास गुंतागुंतीचा धोका अधिक असतो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. शस्त्रक्रिया सात तास चालली. पहिले दोन दिवस परिचारिका दर तासाला येऊन फ्लॅपचा रंग आणि ऊब पाहत असत आणि छोट्या डॉप्लर यंत्राने आतला रक्तप्रवाह ऐकत असत. तो आवाज आला की माझाही जीव भांड्यात पडत असे.

फ्लॅप जगला आहे, जखमा कोरड्या आहेत, म्हणजे कागदोपत्री सर्व उत्तम आहे. परंतु मी अजून वाकूनच चालते. पोट एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत असे ओढलेले आहे की ताठ उभे राहिले तर टाके उसवतील असे वाटते. जखमेतला स्राव बाहेर काढणारी पोटाच्या बाजूची एक नळी अजून काढलेली नाही. रात्री झोप लागत नाही, कारण मला आयुष्यभर कुशीवर झोपायची सवय आहे. नव्या स्तनाला हात लावला तर हाताला तो कळतो, पण स्तनाला हात कळत नाही, आणि याची मला कोणी पुरेशी कल्पना दिली नव्हती, की दिली होती आणि मी ती ऐकूनच घेतली नव्हती, हे आता सांगता येत नाही.

याहून अवघड गोष्ट निराळीच आहे. सासूबाई मनाने वाईट नाहीत, पहिल्या आजारपणात त्यांनी माझे सगळे केले, पण परवा त्या म्हणाल्या, "आजार तर बरा झाला होता, मग चांगले पोट कापून घ्यायला कशाला गेलीस?" मला उत्तर देता आले नाही. यजमान समजूतदार आहेत, परंतु त्यांच्यापुढे रडले की ते घाबरतात. ज्यांनी हे स्वतः सोसले आहे अशा कोणी येथे असतील, तर हे आठवडे कसे काढले ते कृपया सांगावे.

अबोली_ठाणे

ताई, माझी हीच शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झाली, तीही रेडिएशननंतर. सतराव्या दिवशी मीसुद्धा वाकूनच चालत होते. मी पूर्ण ताठ उभी राहिले ती चौथ्या आठवड्याच्या सुमारास, आणि पोटाला पट्टा आवळल्यासारखी जाणीव त्यानंतरही कित्येक महिने राहिली, हळूहळू विरत गेली. मुद्दाम ताठ होण्याची घाई करू नका. मात्र दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात थोडे चालत राहा, कारण एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पडून राहिल्यास पायात रक्ताची गाठ होण्याची भीती असते. टॅमॉक्सिफेन, म्हणजे कर्करोग परतू नये म्हणून देतात ते औषध, शस्त्रक्रियेपूर्वी थांबवले असेल, तर ते पुन्हा केव्हा सुरू करायचे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

झोपेविषयी सांगते. पाठीमागे तीन उशा उतरत्या रचायच्या, गुडघ्यांखाली लोड घ्यायचा, म्हणजे शरीर आरामखुर्चीत असल्यासारखे दुमडलेले राहते आणि पोटावरचा ताण उतरतो. दोन्ही बाजूंना एकेक उशी लावली की झोपेत कूस वळत नाही. उठताना पोटाच्या जोरावर उठू नका. आधी पाय पलंगाखाली सोडा आणि ज्या हाताची बाजू शाबूत आहे त्या हातावर भार देऊन, कोणाचा तरी आधार घेऊन बसते व्हा.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणत्याही डॉक्टरांनी सांगितली नाही, कारण त्यांच्या ती लक्षात येण्याचे कारणच नाही. परकराची नाडी बरोबर पोटाच्या टाक्यांवर येते. मी पंधराव्या दिवशी पाहुणे येणार म्हणून साडी नेसले आणि संध्याकाळपर्यंत तेथली त्वचा सोलवटून निघाली. माझ्या शेजारच्या खाटेवर असलेल्या ताईंना फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या की, त्यांनी दोन महिने साडीचे नावच काढले नव्हते, आणि नंतरही नाडीऐवजी रुंद सुती पट्टी लावलेला परकर नाभीच्या वर बांधला होता. पुढून उघडणारे सैल गाऊन हेच सध्या तुमचे कपडे.

बधिरपणाबद्दल स्पष्टच लिहिते. संवेदना काही महिन्यांत, कधी वर्षा-दोन वर्षांत, कडेकडेने थोडी परत येते; पूर्वीसारखी येत नाही. माझ्या बाबतीत आता वरच्या बाजूला दाब कळतो, मधोमध काही कळत नाही. म्हणून कळकळीची विनंती आहे की, दुखते म्हणून छातीवर किंवा पोटावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका. घरातली माणसे मायेने शेकायला सांगतात, आपल्याला चटका कळत नाही, आणि त्वचा भाजून फोड येतात. अंघोळीचे पाणीसुद्धा आधी उजव्या हाताने पाहून घ्या.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशीही तयार नाही. माझ्या आईनेच मला तो विचारला होता. मी तिला एवढेच म्हणाले होते की, दररोज सकाळी ब्लाउजमध्ये कापसाची गादी बसवताना मला आजार पुन्हा पहिल्यापासून आठवतो, आणि तो मला दररोज आठवायला नको आहे. ती पुढे काही बोलली नाही. तिला पटले की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

गोदावरी_५३

मी या धाग्यावर लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला, कारण माझी पुनर्रचना यशस्वी झाली नाही. स्तन काढतानाच स्नायूखाली एक्स्पांडर, म्हणजे फुगवता येणारी पिशवी, बसवला होता. दर दोन आठवड्यांनी त्यात सुईने सलाइन भरून त्वचा ताणत नेतात आणि नंतर त्या जागी कायमचे इम्प्लांट घालतात. रेडिएशन द्यावे लागेल असे नंतरच्या अहवालात निघाले. त्वचा पातळ झाली, जंतुसंसर्ग झाला आणि पाचव्या महिन्यात एक्स्पांडर काढून टाकावा लागला. त्या वेळी ताप दोन दिवस अंगावर काढला, ही माझी चूक होती, आणि फोनवरून "थोडी लाली असतेच" असे सांगून मला थांबवले गेले, ही त्यांची.

म्हणून कृष्णाकाठ ताई, तुम्हाला आणि हे वाचणाऱ्या सर्वांना सांगते. ताप १००.४ अंशांच्या वर गेला, लाली पसरत चालली, एक बाजू अचानक फुगली, फ्लॅप निळसर किंवा पांढरट दिसू लागला, नळीतून दुर्गंधीयुक्त स्राव आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर येथे प्रश्न लिहून उत्तराची वाट पाहू नका. आम्ही मैत्रिणी आहोत, पण तुमची जखम आम्हाला दिसत नाही. थेट शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूला फोन करा आणि समाधान झाले नाही तर समक्ष जा.

मी पुढे दुसरी शस्त्रक्रिया करून घेतली नाही. आज माझी छाती एका बाजूने सपाट आहे आणि मला ते चालते. हे लिहिण्याचे कारण असे की, त्या काळात मला सर्वांत अधिक आधार दिला तो एका अशा बाईने, जिची पुनर्रचना उत्तम झाली होती. मी तिच्याकडे पाहून दुःखी होईन म्हणून ती भेटणे टाळू शकली असती. तसे न करता ती आली, शेजारी बसली, आणि "तुझी पुनर्रचना टिकली नाही याचे मला फार वाईट वाटते" असे सरळ म्हणाली. बाकी सगळे मला "जीव वाचला ना, मग झाले" असे सांगत होते, आणि जीव वाचल्याचा आनंद मलाही होताच. पण गेलेल्या गोष्टीचे दुःख करण्याची परवानगी मला फक्त तिने दिली. तुमचेही तसेच असावे, असे वाटते. फ्लॅप जगला म्हणून तुम्ही आनंदीच असले पाहिजे, असे नाही.

सुईदोरा

माझा अनुभव पाठीच्या स्नायूच्या फ्लॅपचा आहे, त्यामुळे पोटाविषयी मी बोलणार नाही. प्रकार निराळा असला की वेदनाही निराळी असते आणि एकीचा आठवडा दुसरीला लावता येत नाही.

नळीपुरते सांगते. चोवीस तासांतला स्राव साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आला आणि तसा एक-दोन दिवस राहिला की बहुतेक डॉक्टर नळी काढतात, म्हणून रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहीत जा. पोटाची नळी तीन आठवडे राहणे हे काही नवल नाही. तिची बाटली सेफ्टी पिनने गाऊनला अडकवली असेल, तर ती काढा. जुन्या सुती साडीची, गळ्यात अडकवता येईल अशी लांब पट्ट्याची झोळी शिवा आणि तिच्यात बाटली ठेवा, अंघोळीसाठी दुसरी. मी रुग्णालयातून आल्यापासून अशा झोळ्या शिवून वॉर्डात देते. पत्ता खासगी निरोपात कळवलात तर दोन पाठवीन.

वॉर्डातली_मावशी

मी मुंबईत गेली अकरा वर्षे स्वयंसेविका म्हणून स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना भेटते. माझे स्वतःचे उपचार त्याआधीचे आहेत. रुग्णाने रुग्णाला भेटण्याची ही पद्धत आपल्याकडे अलीकडची वाटते, परंतु १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टेरीझ लॅसर या बाईंनी स्वतःचा स्तन काढल्यानंतर रुग्णालयांत जाऊन इतर बायकांना भेटायला सुरुवात केली, आणि पुढे १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने 'रीच टू रिकव्हरी' या नावाचे ते काम आपल्याकडे घेतले. मुंबईत १९९४ पासून व्ही केअर फाउंडेशनसारखी संस्था रुग्णांना असाच आधार देत आली आहे. पुण्यात पुढच्या तपासणीला जाल, तेव्हा तेथील समाजसेवा विभागात "माझ्यासारखी शस्त्रक्रिया झालेली आणि एक वर्ष पुरे झालेली बाई मला भेटवाल का?" असा नेमका प्रश्न विचारा. वर्ष पुरे झालेली असे मुद्दाम लिहिले आहे, कारण सहा आठवड्यांची बाई स्वतःच अजून वाटेवर असते.

अशी भेट झाली तर व्रण पाहण्याची इच्छा मोकळेपणाने सांगा. मी आजवर अनेकींना दार लावून माझे व्रण दाखवले आहेत. छायाचित्रांत दिसते ते वेगळे असते. हालचाल करताना स्तन कसा दिसतो, पोटाची रेषा किती फिकी पडते, ब्लाउज कसा बसतो, हे समोर उभ्या असलेल्या बाईकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. भेटायला येणारी बाई कोणतेही औषध सुचवू लागली किंवा तुमच्या डॉक्टरांच्या निर्णयावर मत देऊ लागली, तर मात्र तो विषय तेथेच थांबवा.

दोन गोष्टी राहिल्या. पुढे काही महिन्यांनी फ्लॅपमध्ये कडक गाठ हाताला लागली तर ती पुष्कळदा रक्तपुरवठा कमी पडलेल्या चरबीची असते. तरीही ती डॉक्टरांना दाखवून तपासून घ्यायचीच. आणि विमा असेल तर, सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया वगळण्याच्या कलमातच कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला अपवाद केलेला असतो. त्या कारणाने दावा नाकारला गेला असेल, तर ते कलम दाखवून लेखी दाद मागा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज सात आठवडे पुरे झाले, म्हणून पुन्हा लिहीत आहे.

नळी बाविसाव्या दिवशी निघाली. सुईदोरा ताईंची झोळी त्याआधीच पोहोचली होती, फिकट निळ्या इरकलीची. मी आता सरळ चालते. सहा आठवडे होईपर्यंत भरलेली कळशी आणि कुकर उचलायचा नाही, अशी ताकीद होती, ती सासूबाईंनी माझ्यापेक्षा अधिक कडकपणे पाळली. फिजिओथेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम करते आणि रोज जेथपर्यंत हात पोहोचतो तेथे पेन्सिलीने खूण करते. दोरीवर कपडे वाळत घालण्याइतका हात वर जातो.

पुण्याच्या समाजसेवा विभागाने एका ताईंची गाठ घालून दिली. शस्त्रक्रियेला चौदा महिने झालेल्या त्या बाई स्वारगेटहून बस बदलून मला भेटायला आल्या. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्या ताईंनीच त्यांना आत बोलावले आणि माझ्यासमोरच त्यांनाही व्रण दाखवले. सासूबाईंनी बराच वेळ पाहिले आणि "दुखते का गं अजून?" असे विचारले. परतीच्या गाडीत त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगितली, जिला छातीत गाठ होती आणि जिने ती कोणालाही दाखवली नव्हती. माझ्या लग्नाला तेवीस वर्षे झाली, आणि या बहिणीचे नाव मी त्या घरात प्रथमच ऐकत होते.

बधिरपणा तसाच आहे, आणि रात्री अजूनही मधूनच जाग येते. गोदावरी ताई, तुमचा प्रतिसाद मी सर्वांत अधिक वेळा वाचला.

आणखी एक विचारायचे आहे. स्तनाग्राची पुनर्रचना आणि गोंदण यांविषयी डॉक्टर म्हणाले की, फ्लॅपचा आकार स्थिरावल्यावर, म्हणजे काही महिन्यांनी पाहू. ज्यांनी केवळ गोंदण करून घेतले आहे, त्यांचा रंग किती वर्षे टिकला आणि तो पुन्हा भरून घ्यावा लागला का?