रिक राईट आठवायचा तर कुठल्या गाण्यांनी?

खर्जातला: पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा कीबोर्डवाला रिक राईट १५ सप्टेंबर २००८ला गेला. अजूनही लोक बँडमधल्याच गिल्मोरची गिटार आणि वॉटर्सचे शब्द यांचेच गोडवे गातात. माझ्या मते 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) हा अल्बम उभा आहे तो राईटच्या दोन चालींवर: 'द ग्रेट गिग इन द स्काय' आणि 'अस अँड देम'. दुसरी तर मुळात इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीच्या 'झाब्रिस्की पॉइंट' सिनेमासाठी केली होती. त्याने ती नाकारली, बरंच झालं!

बेसूर_पण_हौशी: 'ग्रेट गिग' लोक ऐकतात ते क्लेअर टोरीच्या गळ्यासाठी. शब्द नाहीत, नुसता आवाज. त्याचे तिला मिळाले तीस पाउंड. रचनाकार म्हणून नाव लागायला कोर्टात जावं लागलं, तेही २००५ साली मिटलं. सगळं गाणं राईटच्या खात्यावर टाकू नका. आणि 'द वॉल' करताना त्याला बँडमधून काढलंच की. अल्बमचं काही अडलं का?

खर्जातला: टोरीचं शंभर टक्के मान्य. पण ती झेप घेते ती कशावरून? पियानोवरूनच ना. आणि 'वॉल'चं म्हणाल तर दौऱ्यावर त्याला पगारी वादक म्हणून नेलं. दौरा तोट्यात गेला, भुर्दंड बाकीच्या तिघांना. कमाई झाली ती फक्त याची :)

पोटमाळा: दोघंही 'डार्क साइड'वरच अडकलात. 'एकोज' (१९७१) घ्या, साडेतेवीस मिनिटांचं. सुरुवातीचा तो 'टिंग' म्हणजे राईटच्या पियानोचा एकच सूर, लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला. पुढे तो आणि गिल्मोर मिळून गातात. कुठला आवाज कुणाचा, सांगता येत नाही. राईट गेल्यावर गिल्मोरने 'एकोज' त्याच्याशिवाय वाजवणार नाही म्हणून सांगून टाकलं. आणखी काय दाखला हवा?

बेसूर_पण_हौशी: आणि त्याच 'एकोज'च्या मधोमध किंचाळतं ते काय? गिल्मोरची गिटार, वा-वा पेडल (गिटारचा आवाज बदलणारं पायाचं यंत्र) उलटं जोडून. फिरून गिटारच!

खर्जातला: मग 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' शेवटपर्यंत ऐका. नववा भाग एकट्या राईटचा. अगदी विरत जाताना तो बँडचा जुना गायक सिड बॅरेट याच्या 'सी एमिली प्ले' गाण्याची ओळ वाजवतो. गिटारवाले तोवर उठून गेलेले असतात, त्याला राईटने काय करायचं?