मदत हवी आहे : बांबूच्या क्लिक-लॉक फळ्या सहाव्या ओळीपासून बसेनात

हौशी सुतारीण

नमस्कार. घरातल्या एका खोलीत मी आणि माझा भाऊ मिळून बांबूचं फ्लोअरिंग घालतोय. घालत होतो, असं म्हणायला हवं. कालपासून काम बंद आहे आणि भाऊ माझ्याशी कामापुरतंच बोलतोय.

खोली १४ बाय ११ फूट. जुना गालिचा काढला, खाली कोबा निघाला. फळ्या स्ट्रँड-वोव्हन प्रकारच्या आहेत, १८५० मिमी लांब, १२५ मिमी रुंद, १४ मिमी जाड. लांब बाजू तिरकी धरून आधीच्या ओळीच्या खाचेत सरकवायची आणि खाली दाबायची. आखूड बाजूला प्लॅस्टिकची बारीक जीभ आहे, ती वरून दाबली की टक् करून अडकते. पहिल्या फळ्या अशा टक् टक् बसल्या की वाटलं, संध्याकाळपर्यंत खोली हातावेगळी होईल.

पाच ओळी झाल्या. सहाव्या ओळीत मधली फळी काही केल्या बसेना. डावं टोक बसवलं की उजवीकडे फट, उजवं दाबलं की डावीकडे. फट एखाद मिमीची असेल, पण नख अडकतं. भावाने ठोकळा लावून हातोडीने ठोकलं, तर खाचेचा खालचा ओठ कडकन तुटला. मग दुसऱ्या फळीचा, मग तिसरीचा. शिवाय दारातून आत आलं की तिसऱ्या पावलाला जमीन किंचित खचते आणि करकरते.

खाली १५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद घातलाय, त्यावर ३ मिमीचा फोम. पायाला मऊ लागावं म्हणून फोमचे दोन थर घातले. भिंतीलगत सगळीकडे १० मिमीच्या पाचरी आहेत. काम सुरू करण्याआधी खोकी दोन दिवस त्याच खोलीत ठेवली होती.

फळ्याच सदोष असतील का? परत कराव्यात का? की झालेल्या पाच ओळी तशाच ठेवून सहावीपासून गोंद लावत पुढे जाता येईल? सगळं उचकटायला सांगू नका, एवढीच विनंती.

रंधा-पटाशी

ताई, आधी हातोडी लपवून ठेवा. क्लिकची फळी ठोकून बसवायची नसतेच. योग्य कोनात धरली की हाताच्या दाबाने बसते, फार तर ठोकळ्यावर हलकीशी टिचकी. जोर लावावा लागला याचा अर्थ कुठेतरी अडतंय, आणि तुटलेला ओठ तेच सांगतोय. बांबू कठीण असतो, पण ओठ जेमतेम काही मिमी जाडीचा. त्याला मार सोसत नाही.

विनंती मोडावी लागणार असं दिसतंय. पण उचकटण्याआधी दोन मापं घ्या. पहिलं, भिंतीकडच्या पहिल्या ओळीच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून बांधा आणि मध्ये किती फरक पडतो ते बघा. दुसरं, दोन मीटर लांबीची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उघड्या कोब्यावर उभी-आडवी-तिरकी फिरवा आणि खाली कुठे उजेड दिसतो ते बघा. आणि एक खरं सांगा, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाही ठोकावं लागलं होतं का?

झटपट

एवढं कशाला? फटीत लाकडाचा गोंद भरा, वर वजन ठेवा, सकाळी पुढे चला. मी लॅमिनेटला तसंच केलं होतं, काही झालं नाही.

रंधा-पटाशी

तुमचं निभावलं, चांगलं झालं. पण इथे फळी अडली आहे, ती गोंदाने मोकळी होणार नाही. उलट चुकीच्या जागी कायमची चिकटेल. ही जमीन तरंगती असते, म्हणजे खाली कशालाच जखडलेली नसते आणि हवेप्रमाणे सगळी मिळून फुगते-आकसते. अर्धी चिकटवली, अर्धी मोकळी ठेवली तर जिथे चिकटवणं संपतं तिथेच पुढे फट उघडेल. गोंद मी फक्त एकाच ठिकाणी वापरतो. दाराच्या चौकटीखाली फळी तिरकी करायला जागाच नसते, तिथे ओठ पटाशीने थोडा तासून, गोंद लावून फळी आडवीच सरकवतो. बाकी कुठे नाही.

सादळ

मला खोक्यांचं खटकलं. दोन दिवस ठेवली, पण बंदच ना? स्ट्रँड-वोव्हन म्हणजे बांबूचे धागे ठेचून, राळेत भिजवून, प्रचंड दाबाखाली लादीसारखे घट्ट केलेले. लाकडाचा कठीणपणा मोजणाऱ्या जांका कसोटीत रेड ओकचा आकडा १२९० पाउंड-बल, तर हा बांबू बऱ्याचदा ३००० च्या आसपास जातो. इतक्या घट्ट मालात ओल सावकाश शिरते आणि सावकाशच निघते. म्हणून त्याला खोलीच्या हवेशी जुळवून घ्यायला साध्या लाकडापेक्षा जास्त वेळ लागतो. खोकी उघडा, प्लॅस्टिक काढा, फळ्या एकाआड एक आडव्या-उभ्या रचा, मधून हवा खेळू द्या. किती दिवस ते खोक्यातल्या पत्रकात असेल. पत्रक प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, त्यात दिलेल्या दिवसांपेक्षा कमी करू नका.

ओलीचं मीटर असेल तर एक ध्यानात ठेवा. साध्या लाकडासाठी जुळवलेलं मीटर या बांबूवर चुकीचा आकडा दाखवतं. बांबूची सेटिंग नसेल तर आकड्यावर जाऊ नका, आज आणि चार दिवसांनी अशी तुलना करा. आकडा हलायचा थांबला की माल स्थिरावला.

कोब्यासाठी जुनी युक्ती आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि किमान १६ तास तसंच राहू द्या. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट पडला तर तूर्त फळ्यांना हात लावू नका. थेंब नाहीत म्हणजे कोबा आतपर्यंत कोरडा आहे असं मात्र सिद्ध होत नाही. त्यामुळे प्लॅस्टिकचा कागद घालायचाच, जोडावर २० सेंमी एकावर एक चढवून आणि टेप मारून.

बाकी आजची फट ओलीमुळे असेल असं मला वाटत नाही. ओलीची तक्रार काही आठवड्यांनी येते. जमीन मधून उचलली जाते, फळ्यांच्या कडा वर येतात. तुमचं पहिल्याच दिवशी बिनसलं, म्हणजे मापात गडबड आहे.

हौशी सुतारीण

मापं घेतली. आणि हो, कबूल करते, ठोकाठोकी दुसऱ्या ओळीपासूनच चालू होती. आम्हाला वाटलं, नवीन माल घट्टच असतो.

दोरा बांधल्यावर दिसलं की आमची पहिली ओळ मधोमध ५ मिमी खोलीच्या बाजूला फुगली आहे. मग भिंतीला पट्टी लावली, तर भिंतीलाच तेवढं पोट आहे! आम्ही सगळीकडे सारख्या १० मिमीच्या पाचरी इमानेइतबारे लावल्या आणि ओळ भिंतीसारखी वाकडी करून ठेवली.

दुसरं म्हणजे दारापासून तीन पावलांवर कोब्यात बशीसारखा खळगा आहे. पट्टीखाली आमच्याकडचा ६ मिमीचा ड्रिल बिट आरामात सरकला, ७ मिमीचा अडकला. नुसत्या नजरेला कोबा आरशासारखा सपाट दिसत होता.

रंधा-पटाशी

सापडलं. फळ्या निर्दोष आहेत, परत करायला जाऊ नका.

५ मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून हिशेब मांडतो. ओळ मधून खोलीकडे फुगली की आखूड सांधे खोलीच्या बाजूला उघडतात, साधारण अर्ध्या मिमीने. म्हणजे नेमकी जिथे पुढची ओळ अडकवायची, तिथेच. आणि तुमची १८५० ची सरळ फळी त्या फुगवट्यावर टेकवली तर मधोमध टेकते आणि दोन्ही टोकांना जवळपास एक मिमी अंतर राहतं. तुम्ही सांगितलेली फट हीच. पहिल्या चार-पाच ओळींत ते अंतर ठोकून जिरवलंत. सहाव्या ओळीत जिरवायला जागा उरली नाही.

पाचरी भिंतीशी जुळवायच्या नसतात, दोऱ्याशी जुळवायच्या असतात. पोटापाशी १० मिमी ठेवा, टोकांना १५ होऊ दे. स्कर्टिंग १५ मिमी झाकत असेल तर भिंतीचं पोट कुणाला दिसणारही नाही. झाकत नसेल तर पहिल्या ओळीची भिंतीकडची बाजू भिंतीच्या आकारात कापून घ्या. पहिल्या दोन ओळी आधी जोडून घ्या, दोऱ्यावर सरळ करा, पाचरींनी घट्ट धरा, मगच तिसरी. त्या दोन ओळींवर मी बाकी सगळ्या खोलीइतका वेळ घालवतो.

खळग्याचं असं, की बहुतेक पत्रकांत दोन मीटरला ३ मिमी, म्हणजे सुतारी भाषेत जेमतेम एक सूत, इतकाच फरक चालतो. तुमचा दुपटीहून जास्त. फोमने खळगा भरत नाही. दोन थरांनी तर घोटाळा वाढवला, कारण प्रत्येक पावलाला फळी खाली दबते, सांधा वाकतो, करकरतो आणि एक दिवस ओठ सोडतो. फोमचा एक थर काढा. खळग्यात प्रायमर मारून सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारं, मिश्रण ओता. प्रायमर टाळू नका, नाहीतर पापुद्रा सुटेल. उंचवटे असतील तर घासून काढा, मास्क लावून. मिश्रण नुसतं कडक होऊन चालणार नाही, वाळायला हवं. तेवढ्या दिवसांत फळ्या उघड्यावर रचून ठेवा, म्हणजे सादळ यांचंही काम होईल.

काढताना एकेक फळी उपटू नका. शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा. अख्खी ओळ लांब बाजूने तिरकी उचलून वेगळी करा, जमिनीवर सपाट ठेवा आणि मग आखूड सांधे आडवे सरकवून सोडवा. वर खेचलंत तर प्लॅस्टिकची जीभ तुटेल.

हौशी सुतारीण

आणि त्या तीन तुटक्या फळ्या? टाकवत नाहीत हो.

रंधा-पटाशी

टाकू नका. तुमच्या ११ फुटांतून दोन्हीकडची फट वजा करून २६ अख्ख्या ओळी बसतात आणि शेवटची साधारण ८० मिमीची उरते. ५० पेक्षा जास्त आहे, म्हणजे ठीक. त्या ओळीत ओठाची बाजू भिंतीकडे येते आणि कापूनच टाकायची असते. तीन तुटक्या फळ्या तिथे. बाकीच्यांच्या खाचेतून नख फिरवून बघा, चीर किंवा पांढरी रेघ दिसली तर तीही फळी बाजूला. कापायला कार्बाइड दातांचं पातं घ्या. हा बांबू साध्या पात्याची धार लवकर मारतो.

सादळ

एक राहिलं. आखूड सांधे शेजारच्या ओळीतल्या सांध्यापासून किमान ३० सेंमी दूर ठेवा. आणि भिंतीतलं जड कपाट असेल तर ते जमिनीतून स्क्रू मारून पक्कं करू नका. एका जागी खिळलं की तरंगती जमीन तरंगत नाही.

हौशी सुतारीण

बरेच दिवस गायब होते, त्याबद्दल माफी. मिश्रण वाळलं, प्लॅस्टिकखाली थेंब नाहीत, फळ्यांचा आकडा तीन वेळा तोच आला. मग कालपासून पुन्हा सुरुवात केली. पहिल्या दोन ओळींना अख्खी सकाळ गेली. दोरा, पाचर, पुन्हा दोरा. तिसरी ओळ मात्र हाताने बसली. आज अकरावी झाली. हातोडी भावानेच माळ्यावर टाकली आहे. तिसऱ्या पावलाची करकर गेली.

आता दाराशी पोचलोय. फळी चौकटीखाली सरकवायची तर चौकट खालून कापावी लागेल ना, पण किती?

रंधा-पटाशी

मोजू नका. फोमचा तुकडा ठेवा, त्यावर फळीचा टाकाऊ तुकडा उलटा ठेवा, त्यावर करवत आडवी टेकवा आणि कापा. फळी चौकटीखाली गेली पाहिजे, पण आत भिंतीला भिडता कामा नये. तिथेही १० मिमी सोडा.