बार्करव्हिलचे जुने फोटो: गाव कुणाचं दिसतं?

भटकी वही
कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं बार्करव्हिल पाहून आलो. १८६२ मध्ये बिली बार्करला विल्यम्स क्रीकपाशी सोनं लागलं आणि गाव उभं राहिलं. फोटोग्राफर फ्रेडरिक डॅलीने १८६८ मध्ये काढलेले फोटो मी मोबाइलवर रंगवून खाली टाकलेत. गोऱ्या खाणकामगारांचं गाव होतं, ते लख्ख दिसतं. हल्ली तिथे चिनी इतिहासावर फार भर देतात, पण फोटो खोटं बोलत नाही.

अंधारखोली
शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. डॅलीच्या काळी काचेला रसायन लावून, ती ओली असतानाच तिच्यावर फोटो काढत. काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. जो स्थिर उभा राहिला तो उमटला. जो पाणी वाहत होता, ओझं नेत होता, त्याचा नुसता धुरकट पट्टा झाला. म्हणजे काम करणारा माणूस पुसला गेला आणि दुकानाच्या दारात उभा राहिलेला मालक तेवढा राहिला. त्यात फोटो विकत घेणारा तोच मालक! गावात चिनी वस्ती मोठी होती. ची कुंग टोंग या चिनी बंधुसंस्थेची इमारत आजही तिथे उभी आहे. ती तुम्हाला दिसली नाही?

भटकी वही
दिसली. पण डॅलीने मुद्दाम वगळलं असं तुम्ही कशावरून म्हणता? १६ सप्टेंबर १८६८ ला आख्खं गाव जळालं, त्याचा स्टुडिओसुद्धा गेला. आगीच्या आधीचं गाव आपल्याला कळतं ते त्याच्यामुळे: खांबांवर उचललेले लाकडी फूटपाथ, एकमेकांना चिकटलेली घरं, अरुंद रस्ता. नंतर रस्ता रुंद करून गाव नव्याने बांधलं, तेव्हा जुना नकाशा त्या काचांवरच उरला. तुम्ही त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय.

अंधारखोली
डॅलीवर आरोप नाहीच. त्याच्या फोटोवरून ‘गाव कुणाचं’ हा निकाल देणाऱ्यावर आहे. आता चाऊ डाँग हॉय घ्या. १८८३ चा जन्म, १९०२ मध्ये कॅनडात आला, बार्करव्हिलला राबला, मग जवळच्या क्वेनेलला दुकान टाकलं. १९०९ ते १९२० च्या सुमारास त्याने दीड हजारांवर फोटो काढले. चिनी मजूर, त्सिल्कोतिन आणि कॅरिअर हे तिथले मूळ रहिवासी, गोरे, सगळे त्याच्यासमोर बसले. चिनी माणसं तो फोटो गावी बायकोला, आईला पाठवत. आता सांगा, गाव कुणाचं?

व्हिक्टोरियावाली
तुम्हा दोघांनाही एक विचारते. २६ ऑक्टोबर १८६४ ला याच क्वेनेलमध्ये पाच त्सिल्कोतिन सरदारांना फाशी दिली. बोलणीसाठी या, असं सांगून बोलावलं आणि पकडलं. २०१४ मध्ये प्रांताने माफी मागितली, २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यांना निर्दोष म्हटलं. त्या सकाळचा फोटो तुमच्यापैकी कुणी दाखवेल? फोटो फोटो करत बसलात तर हे कुठे मांडणार?

भटकी वही
हे मला ठाऊक नव्हतं. पण माझी पोस्ट फोटोंवर आहे, सगळ्या इतिहासाचा ठेका मी घेतलेला नाही.

पोटमाळा
इतिहासाचं राहू द्या. मला राग रंगवण्याचा आलाय. ओल्या काचेला निळा प्रकाश लगेच लागतो, लाल जवळजवळ लागत नाही. त्यामुळे आभाळ कोरं पांढरं येतं आणि लाल सदरा काळा. मोबाइलला काय कळणार तो लाल होता की काळा? तो अंदाज ठोकतो आणि पाहणारा खरं मानतो.

भटकी वही
माझी मुलगी मिसिसागात वाढली. काळा-पांढरा फोटो दाखवला की मान फिरवते. रंगवलेला दाखवला तर तासभर बसली, कुत्र्याचं नावसुद्धा ठेवलं. तुमच्यासारखे जाणकार धनावर बसलेल्या नागासारखे राखण करतात, आणि मग मुलांना इतिहासाची गोडी नाही म्हणून रडतात.

पोटमाळा
नाग म्हणालात, हरकत नाही. ऐका. आमच्या आजोबांचा फोटो कोल्हापूरच्या एका स्टुडिओने हाताने रंगवला होता. फेटा गुलाबी. आम्ही सगळी नातवंडं ‘गुलाबी फेट्याचे आजोबा’ म्हणत वाढलो. आजी शेवटच्या आजारपणात म्हणाली, त्यांनी जन्मात गुलाबी बांधला नाही, पांढराच असायचा. पन्नास वर्षं भिंतीवर दुसराच माणूस होता, आणि ती बिचारी रोज त्याला हार घालत होती.

व्हिक्टोरियावाली
पण तो गुलाबी फेटाही आता तुमच्या घरचा इतिहासच झाला ना? रंगवणाऱ्याला वाटलं असेल, साहेब उठून दिसावेत. मी तरी तो फोटो उतरवणार नाही.

पोटमाळा
उतरवला नाहीच. पण आजीचं वाक्य त्याच्यासोबत हवं, एवढंच म्हणतोय. फोटोपेक्षा ते वाक्य मोलाचं आहे.

अंधारखोली
हेच! मी इथल्या एका छोट्या संग्रहालयात शनिवारी मदतीला जायचो. निगेटिव्ह स्कॅन झाल्या आणि जुनी पाकिटं फेकून दिली, जागा अडते म्हणून. त्या पाकिटांवर पेन्सिलीने नावं होती. आता यादीत शंभरेक जणांपुढे ‘अनोळखी पुरुष’ लिहिलंय. मी भांडलो, मग जाणं सोडलं. आजही झोपेत ती पाकिटं दिसतात. तुमच्या पोस्टवर एवढा चिडलो त्याचं निम्मं कारण ते आहे, हे मान्य करतो.

भटकी वही
बरं. ‘गोऱ्या खाणकामगारांचं गाव’ हे काढतो. तिथे ‘डॅलीच्या काचेसमोर थांबू शकलेल्यांचं गाव’ असं लिहितो. ‘फोटो खोटं बोलत नाही’ हेही काढलं. रंगवलेले फोटो मात्र काढणार नाही. प्रत्येकाखाली मूळ फोटो जोडतो आणि रंग अंदाजाने भरलेत असं लिहितो. क्वेनेलच्या फाशीवर वेगळी पोस्ट व्हिक्टोरियावालींनी लिहावी, मला तो अधिकार नाही.

व्हिक्टोरियावाली
लिहीन. पण आधी त्सिल्कोतिन लोक स्वतः काय सांगतात ते वाचून.

पोटमाळा
आज घरचा एक ग्रूप फोटो काढला. सात माणसं. मागे नावं लिहायला बसलो, चारच ओळखता आली. आत्या मागच्या दिवाळीपर्यंत होती.

अंधारखोली
ती चार लगेच लिहा. मऊ पेन्सिल घ्या, शाई पुढे उमटते. उरलेल्या तिघांसाठी जागा मोकळी ठेवा.