बर्फात गाडी चालवताना एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल वगैरे: तुमचे अनुभव लिहा

थंडी सुरू झाली की कोणीतरी विचारतंच, गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) आहे, ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना पॉवर) आहे, मग बर्फाला काय घाबरायचं? म्हणून हा धागा. ज्यांनी या गोष्टी बर्फात स्वतः वापरल्यात त्यांनी लिहा, ऐकीव नको.

माझ्यापासून सुरुवात करते. एबीएस लागलं की पायाखाली पेडल थडथडतं, घर्रर्र आवाज येतो आणि काहीतरी तुटलं असं वाटून लोक पाय काढतात. अजिबात काढायचा नाही, दाबून धरायचा आणि जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग वळवायचं. चाक लॉक न होता गाडी वळती राहावी यासाठीच ते आहे. भुसभुशीत ताज्या बर्फात तर एबीएसमुळे थांबायला उलट जास्त अंतर लागतं, कारण लॉक झालेलं चाक पुढ्यात बर्फाचा ढीग साठवतं आणि गाडी त्याला अडते, एबीएस तो ढीग होऊच देत नाही. पहिला बर्फ पडला की मी रिकाम्या पार्किंगमध्ये हळू स्पीडला मुद्दाम करकचून ब्रेक मारते, पायाला सवय राहते.

---

ट्रॅक्शन कंट्रोल एरवी चालूच ठेवतो, पण गाडी रुतली की तेच आडवं येतं. चाक जरा मोकळं फिरलं की पॉवर कापली, आपण ॲक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी बटण दाबून बंद करायचं, थोडं पुढे थोडं मागे करत झोका द्यायचा, बाहेर निघालो की लगेच परत चालू. काही गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन बंद होतं आणि दाबून धरलं की ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी सिस्टिम) पण जातं, तेव्हा मॅन्युअल आधीच घरी वाचून ठेवा.

---

ईएससीने मला खरंच वाचवलंय. डावं वळण, वर पाणी सुटलेला बर्फ, मागची बाजू उजवीकडे सरकायला लागली. डॅशबोर्डवर तो घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला, पुढच्या उजव्या चाकाकडून कटकट आवाज आला आणि नाक परत लाइनवर. बाहेरच्या एका चाकालाच ब्रेक लावून ते गाडीचं गिरकी घेणं थांबवतं, माणसाला पेडलने हे जमणारच नाही. पण वेग बेताचा होता म्हणून, जास्त असता तर ईएससी तरी काय करणार.

---

+१. आणि ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांना कळकळीची विनंती, ती गाडी सुटायला मदत करते, थांबायला नाही! ५० च्या स्पीडला कोरड्या रस्त्यावर नुसतं ब्रेकिंगचं अंतर साधारण १२-१३ मीटर, निसरड्या बर्फावर तेच १०० च्या आसपास जातं. पकड टायरची असते, इलेक्ट्रॉनिक्स फक्त आहे ती नीट वाटून देतं. ७ डिग्रीच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, त्यामुळे पैसे घालायचेच तर आधी विंटर टायरमध्ये घाला, डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेले.

---

इलेक्ट्रिक गाडीवाले इकडे बघा. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की रीजेन ब्रेकिंग (मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि त्यातून बॅटरी चार्ज होते) लागतं ते फक्त मोटर असलेल्या चाकांवर. माझी रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे मोटर मागच्या चाकांवर, बर्फाळ उतारावर पाय पटकन उचलला की मागची चाकं ओढली जातात आणि शेपूट हलतं. सिस्टिम सावरते, तरी मी रीजेन कमीवर ठेवते आणि पाय हळूहळू उचलते.

---

लेन असिस्टचा (रस्त्यावरचे पट्टे बघून गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्या सिस्टिमचा) अनुभव सांगतो. पट्टे बर्फाखाली गेले की बहुतेक वेळा ते गप्प बसतं, ते बरंच. त्रास होतो अर्धवट बर्फात, आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्यांनाच पट्टे समजून माझं स्टिअरिंग हळूच बाजूला ओढलं गेलं होतं, तेव्हापासून बर्फ दिसला की बंद. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारं) पण नाहीच, पुढे घसरण आहे हे त्याला आधी दिसत नाही. रडारवर चिखलबर्फ थापला गेला की सेन्सर झाकलाय असा मेसेज येतो आणि ऑटो ब्रेकिंगही बंद पडू शकतं, त्यामुळे निघताना काचांसोबत बंपरवरचा रडार आणि आरशामागच्या कॅमेऱ्यासमोरची काच पण साफ करा, रडारवर मऊ ब्रशच वापरा, बर्फ खरवडायची पट्टी नको.